भावजींचा गेलेला हात

भावजींनी लेथ सोडला आणि तीन दिवसांत घरातल्या तिघांची मिळून पाच बोटं कापली. तशी ती भावजींनी कापली नाहीत. त्यांनी फक्त धार लावली. रिकामा बसलेला माणूस काहीतरी करणारच. बुधवारी त्यांनी सगळ्या सुऱ्या काढल्या, गुरुवारी कात्र्या, आणि शुक्रवारी किसणीलाही सोडलं नाही. आमच्या ताईला पंचेचाळीस वर्षं बोथट सुरीवर जोर देऊन कापायची सवय. तिने सवयीने जोर दिला आणि टोमॅटोने काहीच हरकत घेतली नाही.

भावजी म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये अडतीस वर्षं त्यांनी कापायची हत्यारं घडवली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत एक जुना लेथ आणि एक ग्राइंडर आणून बसवला. ती खोली खरी पाहुण्यांची. एकाही पाहुण्याने तक्रार केली नाही, कारण त्यानंतर त्या घरी कोणी राहायला आलंच नाही.

लेथवर लोखंड कापायला बोटाएवढा चौकोनी, कडक पोलादाचा तुकडा लागतो. त्याला टूल म्हणतात. ग्राइंडरवर घासून त्याला टोक काढायचं, धार द्यायची. बाजारात तयार धारेची टूलंही मिळतात, पण भावजींच्या मते ती वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या कवळीने जेवणं.

तर गेल्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या शिंप्याच्या मशिनचा एक दांडा करायला घेतला आणि टूलने दगा दिला. ग्राइंडरवर धार यायची. अंगठ्याच्या नखावर टेकवली की घसरायची नाही, म्हणजे परीक्षेत पास. पण दांड्याला लावली की दोन फेऱ्यांत टोक बोथट होऊन बसायचं. दुसरं टूल घासलं, तेच. तिसरं घासलं, तेच. भावजींनी विजेच्या दाबावर संशय घेतला, ग्राइंडरच्या चाकावर घेतला, शिंप्याने आणून दिलेल्या लोखंडावर घेतला, मग शिंप्यावर घेतला. कोणीच उरलं नाही तेव्हा स्वतःवर घेतला.

“हात गेला,” मंगळवारी जेवता जेवता ते म्हणाले.

ताईने दचकून बघितलं. दोन्ही जागच्या जागी होते.

“दाबून घासतोय मी. पोलाद तापवून धार जाळतोय. आणि जाळतोय ते मला कळतसुद्धा नाहीये. पहिल्या आठवड्यातला शिकाऊ असं करत नाही.”

“मग जरा हळू घासा.”

“हळूच घासतोय!”

“मग आणखी हळू.”

यावर भावजी पानावरून उठले आणि त्यांनी पक्कडला फोन लावला. पक्कड हा त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. लेथवर कापताना लोखंडातून निघणारी तापलेली तार नुसत्या बोटांनी उचलायचा, म्हणून तेव्हापासून पक्कड. आता पन्नाशीचा आहे, स्वतःचा कारखाना आहे, पण नाव तेच. “लेथ घेऊन जा,” भावजी म्हणाले. “शनिवारी दहाला ये. आणि येताना ताडपत्री आण. झाकून ने. मला बघवणार नाही.”

हे सगळं ताईने मला शुक्रवारी फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती चक्क रडली. ज्या खडखडाटाला तिने बारा वर्षं शिव्या घातल्या, तो बंद होणार म्हणून रडली. “अरे, हा माणूस त्या खोलीत असतो तोवर माणसात असतो,” ती म्हणाली. “लेथ गेला की हे दाराशी खुर्ची टाकून बसणार, आणि मग बसलेलेच राहणार.”

शनिवारी मी साडेआठला पोचलो. दार उघडताच ताईने पट्ट्या बांधलेली दोन बोटं माझ्या नाकासमोर नाचवली.

“हात गेलाय म्हणे ह्यांचा! गेलेल्या हाताने हे केलंय. असता तर माझं काय उरलं असतं?”

मुद्दा बिनतोड होता. मी तो तसाच मागच्या खोलीत नेला. भावजी लेथ पुसत होते. बदली झालेल्या साहेबाच्या निरोपाला हेडक्लार्कचा होतो तसा चेहरा झाला होता.

“सुरीचं काय कौतुक सांगतोस!” ते म्हणाले. “बसून दगडावर सावकाश घासायची. उद्या तुलाही येईल. बरं, तुला नाही येणार, पण कोणालाही येईल. टूलचं तसं नसतं. तिथे चाक फिरत असतं, हाताला आपोआप कळावं लागतं.”

माझ्या मागून ताई आत आली. पदर खोचून, जणू भांडायलाच.

“मग मला दाखवा.”

“काय दाखवू?”

“हात कसा गेलाय ते. बारा वर्षं नुसता आवाज ऐकलाय, कधी आत येऊन बघितलं नाही. दहाला ते लोक येतील. त्याआधी एकदा दाखवा.”

भावजींना नाही म्हणवेना. त्यांनी कपाटाचा खण ओढला. आत औषधांच्या दुकानात असतात तशा प्लॅस्टिकच्या डब्या, प्रत्येकीवर सुबक अक्षरात चिठ्ठी. सूनबाई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत. सासऱ्यांच्या खणातला उकिरडा बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून महिन्यापूर्वी एका रविवारी त्यांनी सगळं मापाप्रमाणे लावून दिलं होतं. ‘चौकोनी, दहा मिमी’ या डबीतून भावजींनी एक तुकडा उचलला. मग डोळ्यांवर गॉगल चढवला, गडद हिरवा. हा चिरंजीवांनी नुकताच आणलेला. वडिलांच्या डोळ्यात कण जाऊ नये एवढीच इच्छा. दुकानदाराने जो सगळ्यात भारी म्हणून दिला तो वेल्डिंगचा निघाला.

ग्राइंडर सुरू झाला. भावजींनी तुकडा चाकाला टेकवला.

“अगं बाई!” ताई ओरडली. “फुलबाजीच की! किती सुरेख पिवळ्या ठिणग्या!”

“लाल म्हण,” भावजी मान न वळवता म्हणाले. “टूलच्या हायस्पीड पोलादाच्या ठिणग्या लाल असतात. काळपट लाल, आखूड.”

“पिवळ्या आहेत.”

“लाल.”

“अहो, मला काय रंग कळत नाहीत? चांगल्या हातभर लांब, पिवळ्याधमक. टोकाला फुटतायत. तू सांग रे!”

बहीण आणि मेहुणा यांच्या मधे साक्ष द्यायची वेळ माझ्यावर याआधीही आली आहे आणि मी दर वेळी खोकून वेळ मारून नेली आहे. पण या खेपेला मार्गच नव्हता. “पिवळ्या आहेत, भावजी,” मी म्हणालो.

भावजींनी ग्राइंडर बंद केला. गॉगल काढला. माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, हातातल्या तुकड्याकडे बघितलं. मग खिशातला जुना, पांढऱ्या काचेचा चष्मा डोळ्यांवर लावला आणि पुन्हा सुरू केला.

पिवळ्या. हातभर लांब.

हिरव्या काचेमागे इतके दिवस रंगच कळला नव्हता. त्यांनी कानस घेतली आणि तुकड्यावर ओढली. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. डबी उलटी केली, एकेका तुकड्यावर कानस ओढत गेले. नरम. नरम. नरम. चौथ्यावर कानस काचेवरून सरकावी तशी सरकली. भावजी हसले. मग पाचवा, तोही कडक.

“सूनबाई!”

सूनबाई धावत आल्या. त्यांच्याही एका बोटाला पट्टी होतीच.

“हे नरम तुकडे. हे मी मशिनच्या खाचांत बसणाऱ्या चाव्या आणि खुंट्या करायला आणलेलं साधं लोखंड. हे टूलच्या डबीत कसं आलं?”

सूनबाईंचा चेहरा पडला. “बाबा, मी माप घेऊन... सगळे दहाचे होते हो. चौकोनी होते.”

भावजींनी डबीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. शांतपणे वाचली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर आहे. चौकोनी, दहा मिमी. चूक माझी. मी सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त चिठ्ठीवर घेतला नाही. इतकं सुंदर अक्षर असलं की माणूस फसतो.”

“म्हणजे तुमचा हात?” ताईने विचारलं.

“हात?” भावजींनी तो वर करून नीट बघितला, बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखा. “एवढ्या नरम लोखंडाला नखावर टिकेल अशी धार आणली मी. तीन तीनदा! असा हात शहरात दुसरा नसेल.”

नम्रता परत यायला वेळ लागणार होता. तिच्याशिवाय चालणार होतं. त्यांनी कडक तुकडा घासला. आखूड, काळपट लाल ठिणग्या खाली पडत राहिल्या, आणि खरं सांगायचं तर बघायला अगदीच नीरस. टूल बसवलं, दांडा फिरवला. टोकातून निळसर तार निघाली आणि वळत वळत खाली उतरायला लागली. एक फेरी, दुसरी, पाचवी. टोक बसलं नाही. ताई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि आठवडाभराचा श्वास तिने एकदम सोडला.

दहाला टेम्पो आला. पक्कड आणि चार हमाल, दोरखंड, पहारी, ताडपत्री. पक्कडने आत पाऊल टाकलं आणि फिरता लेथ बघून तो थबकला.

“उस्ताद, चालूच आहे?”

“चालूच राहणार. तुला उगाच हेलपाटा पडला. देत नाही मी.”

पक्कड मटकन स्टुलावर बसला. “सुटलो!” तो म्हणाला. “उस्ताद, राग मानू नका, पण माझ्याकडे सगळी कॉम्प्युटरवाली मशिनं. हा ठेवायला जागा कुठाय? तुम्हाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी ऑफिसातलं माझं टेबल बाहेर काढून ठेवलंय कालपासून.”

भावजींचा हात लेथच्या चाकावरच थांबला.

“म्हणजे तुला नको होता?”

“नको म्हणजे...”

“असा लेथ आज मिळतो का कुठे? तू ज्याच्यावर शिकलास त्या लेथपेक्षा हा दोन पटीने अचूक आहे. आणि तुला नको? थांब. आता तर नेच. टेबल काढलंयस ना? ने! उचला रे!”

हमालांनी बिचाऱ्यांनी पहारी हातात घेतल्या. पक्कड माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे.

“कोणी हात लावायचा नाही,” ताई चौकटीतून म्हणाली. ती उठलीही नाही. “शिंप्याचा दांडा अर्धा झालाय. तो उद्या सकाळी येणार आहे. आधी तो पुरा करा, मग काय रुसायचं ते रुसा.”

भावजींनी दांड्याकडे बघितलं. खरंच अर्धा झाला होता, आणि अर्धं काम सोडणं त्यांना कधी जमलेलं नाही. ते पुटपुटत परत लेथकडे वळले. खडखडाट सुरू झाला. सूनबाईंनी सगळ्यांना चहा आणला, आणि ते चार हमाल त्या पाऊण टनाच्या लेथकडे टक लावून बघत इतक्या मनापासून चहा प्यायले, की त्या दिवशी त्या घरात सगळ्यात सुखी कोण, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.