धुक्यातली भरती

"ओढू नको रे. पडून ऱ्हाऊ दे तळाला," मुस्तफा म्हणाला.

काशिनाथने गळाची दोरी पुन्हा सैल सोडली. समोरच्या खोल पाटात पाणी काळं आणि गप्प होतं. पाठीमागे किनाऱ्यापर्यंत नुसता चिखल पसरला होता, ओहोटीने उघडा पडलेला. त्यावर एरवी निवट्या, चिखलातले छोटे मासे, उड्या मारायच्या, पण या थंडीत त्याही बिळांत दडल्या होत्या.

"थंडीत माशाला भूक असते, पन उठायचा कंटाळा," मुस्तफाने अंगावरचं जुनं मिलिटरी जाकीट घट्ट केलं. "त्याच्या तोंडाशी घास नेऊन ठेवायचा नि गप बसायचं. तुला ते जमत नाय."

"मला थंडी वाजते. हात हलवला की जरा बरं वाटतं."

पंच्याण्णव सालचा डिसेंबर होता. काशिनाथ कुवेतमध्ये, अम्गराच्या भंगार यार्डात गॅसकटर चालवायचा. आखाती लढाईत जळालेल्या गाड्या अजून यार्डात येत होत्या आणि तो त्या कापत होता. मुस्तफा त्याच रस्त्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, काउंटरवर बसायचा. दोघांची गावं रत्नागिरीकडच्या एकाच खाडीच्या दोन काठांवर. गावी असताना ते एकमेकांना ओळखतही नव्हते. इथे पहिल्याच दिवशी काशिनाथने साबण मागितला, मुस्तफाने त्याच्या बोलण्यावरून काठ ओळखला आणि साबणाबरोबर चहा पाजला. तेव्हापासून हिवाळ्यातल्या शुक्रवारी दोघं पहाटे या चिखलावर येत. उन्हाळ्यात मासे उथळ पाण्यात फिरतात, तेव्हा कुणीही पकडतं. पाणी गारठलं की ते या पाटाच्या तळाशी गोळा होऊन पडून राहतात. मुस्तफाला तेच मासे हवे असत.

एवढे हिवाळे आले तरी मुस्तफाला मोठी सुबैटी कधी मिळाली नव्हती. रुपेरी, जाड ओठांची, खडकासारखी जड मासळी. बाजारात बघून यायचा आणि आठवडाभर तिच्याबद्दल बोलायचा.

त्या दिवशी ओहोटी संपून भरती लागली आणि त्याची दोरी हलली. जोराने नव्हे. कुणी दार हळूच लोटून बघावं, तशी.

मुस्तफा हलला नाही. त्याने श्वासही धरून ठेवला असावा. मग मनगट वर घेतलं आणि दोरी ताठ झाली. बराच वेळ तो मागे झुकून उभा होता. शेवटी पाण्याच्या कडेला ती पांढरी कूस लोळली तेव्हा त्याचा चेहरा बघून काशिनाथला हसू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, दाढी पांढरी, आणि ओठ थरथरत होते.

"काशी, बग! बग रे!"

"बगितलं. आता चल. जुम्म्याला अंघोळ करून जायचं ना तुला?"

"एक टाकतो. जाग्या झाल्यात त्या आता. पाणी चढलं की खातात."

काशिनाथने मान वर केली, तेव्हा किनारा दिसेना.

धुकं समुद्राकडून आलं नव्हतं. ते जमिनीकडून आलं होतं, दोघांची पाठ होती त्या बाजूने. जहरा रस्त्यावरचे दिवे गेले होते, पाण्याची उंच टाकी गेली होती. चिखलात उमटलेली त्यांची स्वतःची पावलं थोड्या अंतरापर्यंत दिसत होती आणि पुढे काहीच नव्हतं.

"मुस्तफाभाय, ऊठ."

"बसली बग दुसरी—"

"ऊठ म्हणतो ना!"

मुस्तफाने मागे वळून पाहिलं आणि मुकाट्याने दोरी गुंडाळायला घेतली. मासळी त्याने पिशवीत घालून खांद्याला लावली.

पावलांच्या मागाने ते निघाले. येताना एक उथळ चर ओलांडला होता, घोट्याएवढ्या पाण्याचा. आता तिथे पोचले तर पावलं पाण्यात शिरून संपली. पाणी हळूहळू, आवाज न करता, उजवीकडून डावीकडे सरकत होतं. भरती समोरून येते आहे असं ते समजत होते. ती मागून, चरांतून, केव्हाच आत शिरली होती.

काशिनाथ उतरला. पाणी कमरेला लागलं आणि थंडीने त्याचा श्वास अडकला.

"खोल हाय. वरच्या अंगाने जाऊया," तो परत चढून म्हणाला.

"तिकडं गाडीचा हॉर्न वाजला. ऐकलंस?"

"तो इकडून वाजला."

दोघं थांबून ऐकू लागले. हॉर्न पुन्हा वाजला, आणि या खेपेला तो सगळीकडून आला.

ते चालत राहिले. चर संपत नव्हता. पाणी घोट्याला आलं, मग गुडघ्याला. काशिनाथने मुस्तफाचा हात धरला. पिशवी टाक म्हणून तो दोनदा म्हणाला, मुस्तफाने ऐकलं नाही. तिसऱ्यांदा काशिनाथने ती त्याच्या खांद्यावरून ओढून सोडून दिली. मुस्तफा नुसता तिच्याकडे बघत राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत.

पाणी पोटाला लागलं तेव्हा काशिनाथचा हात कशाला तरी थडकला. लोखंडी खांब. खांबाला जाळी, पुढे आणखी खांब. इथले लोक चिखलावर असं कुंपण रोवून ठेवतात, हदरा म्हणतात त्याला. भरतीला मासे आत शिरतात आणि ओहोटीला अडकून राहतात.

"चढ. आडव्या बारवर पाय ठेव."

मुस्तफाचे पाय घसरत होते. काशिनाथने त्याला खालून ढकललं, डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या छातीभोवती घेतला आणि खांबाला बांधला. स्वतः शेजारच्या खांबाला मिठी मारली. पाणी चढत मांड्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. जाळीच्या आत मासे शिरू लागले. त्यांच्या धडका गुडघ्यांना लागत होत्या, एकामागून एक.

काशिनाथ ओरडत होता, मराठीत, हिंदीत, येत होतं तेवढ्या अरबीत. आवाज तोंडापुढेच पडल्यासारखा वाटायचा. मुस्तफाचे दात इतके वाजत होते की ते त्याला शेजारून ऐकू येत. मग ते वाजायचे थांबले.

"थंडी गेली रे, काशी."

"गेली नाय. हातपाय हलव."

"गेली. गरम होतंय मला. जाकीट काढतो."

"काढू नको! मुस्तफाभाय, माझ्याकडं बग. घरचं सांग काय तरी. सफियाभाभीचं सांग."

"ती रागावेल. जेवण झाकून ठेवलं आसल तिनं." त्याने धुक्याकडे मान वळवली. "तर आली काय रे? पलीकडं जायचंय मला."

"येते हाय. धरून ऱ्हा."

तो गावच्या खाडीतल्या तरीची, माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत होता. काशिनाथने खांब सोडून एका हाताने त्याचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं आणि तर आली, आता वल्ही दिसतात, आता तांडेल हाक मारतो, असं सांगत राहिला. मुस्तफा ऐकत नव्हता, हे त्याला कधी कळलं ते त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही. तो सांगतच होता.

दुपारी धुकं उठलं. किनारा एवढा जवळ होता की रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग ओळखू येत होते. हदऱ्याचा मालक, एक म्हातारा कुवेती, होडी घेऊन आला. त्याने आधी हाक मारली, मग होडी थांबवली आणि उभ्यानेच डोक्यावरची काळ्या दोरीची इगाल काढली. मुस्तफाला बांधलेल्या रुमालाची गाठ त्याने स्वतः सोडवली.

दुसऱ्या दिवशी इम्तियाजच्या खोलीवरून गावी फोन लावला. इम्तियाज मुस्तफाच्या वाडीतला, सालमियात टॅक्सी चालवणारा. बातमी आदल्या रात्रीच पोचली होती. सफियाभाभी म्हणाली काशिनाथला द्या.

"भाभी, मी लवकर उठवायला पायजे होता त्याला."

लाइनवर खरखर होत होती.

"उठला नसता तो," ती म्हणाली. "हितं पन असाच बसायचा. मी हाका मारून दमायची." मग तिने विचारलं, "एकटा नव्हता ना?"

"नाय. मी होतो."

"शेवटपर्यंत?"

"व्हय."

"मग तिथंच माती द्या. इतक्या लांब एकट्याला पेटीत घालून पाठवू नका."

सुलेबिखातच्या कबरस्तानात वारा बोचरा होता. बकाल्याचा मालक आला होता, काही गिऱ्हाईकं आली होती, यार्डातले दोन पठाण आले होते. काशिनाथ मागे, जरा बाजूला उभा राहिला. डोक्यावर काय घ्यावं ते न कळून त्याने इम्तियाजकडून टोपी मागून घेतली होती. ती त्याला लहान होत होती.

नमाज झाली. दोघं जण खड्ड्यात उतरले आणि वरच्या माणसाने उर्दूत विचारलं, "इनके घर का कौन है? उतर जाए."

कुणी हललं नाही. इम्तियाजने वळून पाहिलं.

"वो है," तो म्हणाला.

लोकांनी वाट दिली. काशिनाथने चपला काढल्या आणि खाली उतरला. ओलसर मातीत उभा राहून त्याने दोन्ही हात वर केले. मुस्तफाला हळूहळू खाली सोडत होते. तो हातांवर आला तसा काशिनाथने गुडघे वाकवले आणि त्याला जमिनीवर टेकवला. माणसाने दाखवलं तसा उजव्या कुशीवर कलता केला, पाठीशी मातीचं ढेकूळ लावलं.

"बस, भाई. ऊपर आ जाओ."

वरून चार-पाच हात पुढे झाले. काशिनाथने मान वर केली, पण कुणाचाही हात लगेच धरला नाही. कफनाची पायाकडची घडी वाऱ्याने उलटली होती. ती त्याने सारखी केली, आणि वाऱ्याने पुन्हा उडते की काय ते बघत जरा वेळ तिथेच वाकून थांबला.