टण्ण वाजणारी तेलाची पळी

मित्रांनो, रोज सकाळी तिळाच्या तेलाच्या बरणीतून डोकं वर काढते ती मी! लांब दांड्याची, वाकड्या मानेची, एक जुनी पितळी पळी. माझ्यात मावतं बरोबर एका चुळीचं तेल. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. देव प्रत्येकाला कसलं ना कसलं माप देऊनच खाली पाठवतो. मला हे दिलं.

मला एका तांबटाने घडवलं. हातोडीखाली मी किती कळवळले म्हणून सांगू! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आलं नाही, पण स्वर मात्र आला. दुकानात गाण्याच्या मास्तरांची आई आली होती. तिने दहा पळ्या बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या आणि म्हणाली, "हिचा आवाज गोड आहे. हीच द्या." अशी मी त्या घरी आले.

मास्तर तेव्हा शाळकरी होते. आई त्यांना सांगायची, "गळ्यातून देवाचं नाव बाहेर यायचं, तर त्याचं दार नको का झाडलेलं?" म्हणून रोज उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एक पळी तेल तोंडात. ते गालांच्या आतून, दातांच्या फटींतून फिरवत राहायचं. वैद्य याला कवल म्हणतात. तोंड काठोकाठ भरून न हलवता धरलं, तर तो गंडूष. गिळायचं मात्र मुळीच नाही. झालं की वाळूच्या डब्यात थुंकायचं आणि कोमट पाण्याने चूळ भरायची. एकदा मास्तरांनी आळसाने बेसिनमध्ये थुंकण्याचा सपाटा लावला. पुढे नळ दुरुस्त करणाऱ्याने तेलाने तुंबलेला पाइप उघडला आणि नाक धरून विचारलं, "मास्तर, आत कुणी दिवा लावतं का?" तेव्हापासून वाळूचा डबा कधी चुकला नाही.

तेल घेतलं की मास्तर मला बरणीच्या काठावर आपटत. टण्ण! शेवटचा थेंबही पडायचा आणि त्यांना दिवसाचा पहिला स्वरही मिळायचा. मग गाल फुगवून, मान डोलवत, मनातल्या मनात ते भजन म्हणायचे. आईच्या मागे पन्नास वर्षं हा नेम चालला. शिष्य मला हातात घेऊन म्हणत, "मास्तरांचा पहिला गुरू हीच!" मी लाजून आणखी पिवळी व्हायची.

पण दिवस सारखे नसतात. माझी कल्हई उडाली, अंग काळवंडलं. घरात सून आली, ती दातांच्या दवाखान्यात कामाला. मोठी गोड पोर, पण शिस्तीची. "बाबा, तेल खुशाल फिरवा," ती म्हणाली, "पण ब्रश सुटणार नाही. आणि दाढ दुखली, तर तेलाच्या भरवशावर बसायचं नाही. सरळ माझ्यासोबत यायचं." मास्तरांनी ते मानलं. त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, त्याचं अर्धं श्रेय ते सुनेला देतात; उरलेलं अर्धं मी घेते.

एका सकाळी मास्तर नेहमीसारखे गाल फुगवून, डोळे मिटून खिडकीत उभे होते. खाली भंगारवाल्याची हाक आली. सून घाईघाईने अडगळ गोळा करत होती. तिने मला उचललं. "बाबा, ही काळी पळी देऊन टाकू? तुमच्यासाठी स्टीलची आणते."

मास्तरांची मान तालात डोलत होती. वर, खाली. वर, खाली.

"बरं," म्हणाली सून. आणि मी पिशवीत, पिशवी भंगारवाल्याच्या हातगाडीवर!

मास्तरांनी डोळे उघडले, तर बरणीशेजारची जागा रिकामी. त्यांनी गाडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि तसेच अनवाणी जिना उतरले. ओरडणार कसे? तोंडात तेल! रस्त्यावर थुंकणार कसे? तसं करणाऱ्या शिष्यांचे त्यांनी जन्मभर कान पिळलेले!

भंगारवाल्याने गाडी थांबवली. "काय मास्तर, दाढ सुजली?"

"हूं! हूं हूं!"

"किटली हवी? नाही? मग हा नळ?" तो एकेक वस्तू हातोडीने ठोकून धातू ओळखायचा आणि मग चेपून पोत्यात टाकायचा. किटली म्हणाली ठप्प. नळ म्हणाला खट्ट. मी ढिगाच्या तळाशी, मास्तरांना दिसत नव्हते. मी मनात देवाचा धावा केला. शेवटी माझी पाळी आली. त्याने मला हातोडीने सहज एक ठोका दिला.

टण्ण!

चेपायला हातोडी दुसऱ्यांदा उचलली गेली, तेवढ्यात मास्तरांनी मला झडप घालून छातीशी धरलं. गाल फुगलेले, डोळे भरलेले.

भंगारवाला हसला. "न्या, न्या! बदल्यात एक गाणं ऐकवा."

"हूं," म्हणाले मास्तर.

घरी जाऊन त्यांनी वाळूच्या डब्यात तेल थुंकलं, चूळ भरली आणि मगच तोंड उघडलं. सून रडवेली झाली होती. "बाबा, मी विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत हो!"

"अगं, मान मी नाही हलवली. तेलाने हलवली!"

ती रडता रडता हसली. मग घड्याळाकडे बघून तिने कपाळाला हात लावला. "पस्तीस मिनिटं! वीसच्या वर नाही, म्हणून सांगितलंय ना?"

संध्याकाळी तिनेच मला चिंचेने घासलं आणि कल्हईवाल्याकडे नेलं. भंगारवाला आता दर आठवड्याला खिडकीखाली गाणं ऐकायला थांबतो. आणि रोज सकाळी मी दोनदा वाजते, एकदा मास्तरांसाठी, एकदा सुनेसाठी. मग दोघंही गाल फुगवून एकमेकांसमोर मान डोलवत बसतात. त्या वेळात या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर बाहेर काढा, जागा तर लागतेच. पण टाकण्याआधी तिला बोटाच्या पेराने एकदा वाजवून पाहा, आणि ज्याची आहे त्याला विचारा. विचारलंत, की त्याचं तोंड रिकामं होईपर्यंत तेवढं थांबा.