एका आडनावाची माणसं

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी एकच ध्यास घेतला होता, आपल्या आडनावाच्या नामवंतांचं पुस्तक. "आपलं सोडून सगळ्यांचं नाव त्यात आहे," बायको म्हणायची. एक सर्जन, एक न्यायाधीश, विमान चालवणारी एक बाई असे एकवीस जण त्यांनी हुडकले. बाविसावा होता बॉक्सर, तीनदा देशाचा विजेता. नाव कमावलं असेल तर बरं-वाईट दोन्ही छापायचं, हा मास्तरांचा नियम. म्हणून बॉक्सरच्या माहितीत शेवटी एक ओळ होती: 'यांच्या मारहाणीत पत्नीचा मृत्यू झाला, साक्षीदार पुढे न आल्याने खटला उभा राहिला नाही.'

ती ओळ बॉक्सरच्या कानावर गेली. त्याच दुपारी तो थेट पुस्तक जिथं बांधलं जात होतं त्या बाइंडिंगच्या कारखान्यात आला. मास्तर छापून आलेले कागद तपासत होते. बॉक्सरची मुलगी तिथंच पुस्तकं शिवायची. बापाला बघून ती उठली.

"मास्तर, ती ओळ काढा," बॉक्सर म्हणाला.

"खोटी असेल तर काढतो."

"सांगितलं कुणी?"

मास्तरांनी पुढचा कागद उचलला. बॉक्सर साठीला आला होता, पण हात तोच होता. पहिल्या ठोशात चष्म्याची काच फुटून डोळ्यात घुसली. दुसऱ्यात जबडा निखळला. मास्तर कोसळले, तरी त्यांची मानगूट धरून तो विचारतच होता, "नाव सांग."

"मी सांगितलं, बाबा," मुलगी म्हणाली. "नऊ वर्षांची होते. टेबलाखालून सगळं पाहिलंय."

त्यानं मास्तरांना सोडून तिचा गळा आवळला. तिला अंधारी आली. चाचपडताना पुस्तकांच्या पाठी ठोकायचा हातोडा हाताला लागला. पहिला घाव मनगटावर बसला, तसा तो गुडघ्यांवर आला. मग ती थांबलीच नाही. कामगारांनी तिला मागं ओढलं, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं ओळखू येत नव्हती.

पोलिसांना तिनं आधी आईच्या खुनाची जबानी दिली, मग हातोड्याची.

जामीन मिळताच ती दवाखान्यात गेली. मास्तरांचा एक डोळा गेला होता, जबडा तारांनी बांधलेला. त्यांनी वहीत लिहिलं, 'ओळ राहील.'

"राहू दे. पण आईचंही आडनाव हेच होतं की. ती का नाही पुस्तकात?"

त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. मग त्यांनी लिहिलं, 'चुकलं माझं. सांग.'

"नामवंत वगैरे नव्हती," ती खुर्ची ओढत म्हणाली. "शिट्टी मात्र अशी वाजवायची, गल्लीतली सगळी कुत्री दारात जमायची."

मास्तर लिहू लागले.