अकरा तास बाहेर

फेअरबँक्सला मी गेले ती उर्वीला चार घास धड खाऊ घालायला. पस्तिशीची मुलगी, अलास्कात एकटी राहते आणि सिंकपाशी उभ्याने पाव खाते. सोमवारी सकाळी मी पुरणाच्या चाळीस पोळ्या लाटल्या. गार करून घट्ट गोठवायला जागा हवी, म्हणून घराला जोडून असलेल्या गराजमधला मोठा फ्रीझर उघडला.

आत मातीची सोळा पुडकी होती. उर्वी उत्तरेकडच्या जंगलातल्या मातीचा अभ्यास करते आणि लॅबचा फ्रीझर बिघडला म्हणून तिने ती घरी आणली होती, एवढं मला ठाऊक होतं. माती काय नासायची आहे? मी ती बाहेर टेबलावर रचली आणि पोळ्या आत पसरल्या. रात्री आठला कडक झालेल्या पोळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये मावल्या, तेव्हा माती परत जागच्या जागी ठेवली. टेबलावर थोडं पाणी साचलं होतं, तेही पुसलं. मी नीटनेटकी बाई आहे.

मंगळवारी वारा फिरला आणि वणव्याचा धूर गावात उतरला. मला दमा आहे. उर्वीने खिडक्यांना टेप लावली, दाराखाली ओला टॉवेल कोंबला. विमानं रद्द, रस्ता बंद. दोन खोल्या, आम्ही दोघी आणि दिवसभर घरघरणारा एअर फिल्टर. "आई, दार उघडायचं नाही. ॲट ऑल."

बुधवारी तिला फोन आला. ठेवल्यावर ती जमिनीवरच बसली.

"माझी साइट गेली. सगळं जळलं. थँक गॉड, कोअर्स घरी आहेत."

"कोअर्स म्हणजे?"

"फ्रीझरमधली माती, आई. तिथे झाडांखाली शेवाळाचा जाड थर असतो, गोधडीसारखा. त्याच्यामुळे खालची जमीन हजारो वर्षं गोठलेली राहते आणि तिच्यातला कार्बन कुजत नाही. आग ती गोधडीच जाळते. मग जमीन वॉर्म होते, जंतू खायला लागतात आणि कार्बन हवेत जातो. पहिल्यांदा वितळताना माती किती गॅस सोडते, ते मला मोजायचंय. ते एकदाच मोजता येतं. आणि न जळलेली माती आता फक्त माझ्याकडे आहे."

सोमवारी टेबलावरून पुसलेलं पाणी मला आठवलं. मी पॅथॉलॉजिस्ट. पंचवीस वर्षं डॅलसजवळ ब्लड बँक चालवली. विनीता नावाच्या नागपूरच्या एका टेक्निशियनने वितळलेला प्लाझ्मा गुपचूप परत गोठवला होता. तिला मी त्याच दुपारी काढून टाकलं. "चुकलीस म्हणून नाही, लपवलंस म्हणून," असं सगळ्यांसमोर सुनावलं. ही गोष्ट मी उर्वीला जेवताना किती वेळा ऐकवली असेल, आणि दर वेळी किती तोऱ्यात.

गुरुवारभर मी गप्प राहिले. पुडकी पुन्हा दगडासारखी झाली होती, कोणाला काही कळलं नसतं. उर्वी मोजायची तयारी करत होती आणि मी समोर बसून पोळीवर तूप घालत होते. पहिला गॅस सोमवारीच टेबलावर उडून गेला होता, तिचा आकडा कमी आला असता. माती फारसं काही सोडत नाही, असं तिने छापलं असतं, लोकांनी खरं मानलं असतं. मला बाहेर पडायचं होतं, कुठेही, नुसतं कोपऱ्यापर्यंत चालून यायचं होतं. खिडकीबाहेर समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. लाज वाटत होती आणि लाज घेऊन जायला तिसरी खोली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी मार्कर घेतला आणि विनीताने लिहायला हवं होतं तसं सोळाही पुडक्यांवर लिहिलं: सोमवार, सकाळी नऊ ते रात्री आठ, बाहेर. मग उर्वीला गराजमध्ये बोलावलं.

तिने पहिलं पुडकं वाचलं. मग दुसरं. सोळाही वाचली.

"पोळ्यांसाठी?"

"हो."

"टोटल कार्बन अजून मोजता येईल," ती म्हणाली. "फर्स्ट थॉ, पहिलं वितळणं, ते गेलं. ते परत नाही मिळणार." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सोमवारी झालं. मला कळू द्यायला शुक्रवार उजाडला?"

"मी लपवलं, उर्वी. बुधवारपासून."

"विनीताला तू त्याच दिवशी काढलंस ना?"

"त्याच दुपारी."

"या धुरात मी तुला हॉटेललासुद्धा पाठवू शकत नाही, आई."

ती आत निघून गेली. मी मागोमाग गेले, दुसरीकडे जाणार कुठे? मला खोकल्याची उबळ आली. दाराखालचा टॉवेल वाळला होता. उर्वी उठली, तिने तो सिंकमध्ये भिजवला, पिळला आणि दाराच्या फटीत बोटांनी दाबून बसवला.