गायीच्या छातीतली करकर

डॉक्टर उत्तरेश्वरांना रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं आणि तेवढं दीड वर्ष त्यांना एकच गोष्ट सांभाळायची होती. झाकली मूठ. तेरणेकाठच्या सात-आठ गावांत जनावरांचे डॉक्टर म्हणून त्यांचा मोठा बोलबाला. छातीला नळी लावली, डोळे मिटले, मान दोनदा हलवली, की रोग सांगून मोकळे. आणि मुठीत काय झाकलेलं, तर गेली चार वर्षं त्या नळीतून त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

अगदीच बहिरे नव्हते हां. बैल डुरकला तर ऐकू यायचा. एसटीचा हॉर्न यायचा. माणूस समोर उभा राहून मोठ्यानं बोलला तर ओठांकडं बघत निम्म्याहून जास्त कळायचं. राहिलेलं ते "व्हय व्हय" आणि "बरं बरं" करून भागवायचे. पण काळजाची धडधड, फुफ्फुसाची घरघर, असलं बारीक काम सगळं बंद. मग चालायचं कसं? तर हात होते, डोळे होते आणि तीस वर्षांचा सराव होता. बहुतेक वेळा निभावून जायचं.

बायको उमादेवी रोज टुमणं लावायची, "अहो, कानाचं मशीन घ्या की. टीव्ही लावला की आख्खी गल्ली बातम्या ऐकते."

"कानात मशीन घातल्यावर नळी कुठं घालू? नाकात?" डॉक्टर म्हणायचे. एवढ्यावर विषय संपायचा, आणि मशीन काही आलं नाही.

अशात ते पत्र आलं. पशुवैद्यकांसाठी निरंतर शिक्षण, विषय हृदय व फुफ्फुसांचे आजार, दोन दिवस, धाराशिव मुक्कामी, हजेरी सक्तीची. डॉक्टरांच्या तोंडचं पाणीच पळालं. अरे, खुरांचं ठेवायचं, कासेचं ठेवायचं, पोटाचं ठेवलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? नेमकं ऐकायचंच काढलं! शिवाय खाली एक टीप: दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकासाठी श्वासाचा त्रास असलेलं जनावर कुणाकडं असल्यास कळवावं.

इथं डॉक्टरांनी डोकं चालवलं. दुसऱ्याचं जनावर आलं तर ऐकावं लागणार. आपलंच नेलं तर उत्तर आधीच खिशात! धुरपदाबाईची चंद्री होतीच. काळी-पांढरी, संकरित, आठ दिवस ताप, चारा सोडलेला, दम लागायचा, दूध निम्म्यावर आलेलं. डॉक्टरांनी न्यूमोनिया ठरवून सुया सुरू केल्या होत्या. धुरपदाबाईची ही एकच दुभती गाय, दूध खव्याच्या भट्टीवर जायचं आणि त्यावर घर चालायचं. "मोठ्या डॉक्टरांना दाखवू, फुकट," असं म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. डॉक्टरांनी फोन करून केस नोंदवली आणि आपल्या हुशारीवर खूष होऊन झोपले.

पहिला दिवस पार पडला. शिकवायला कॉलेजातून डॉक्टर मिनाज आल्या होत्या, वय असेल पस्तीसेक, बोलणं तुफान मेल. डॉक्टर जन्मात पहिल्यांदा पहिल्या रांगेत बसले. शेजारी परंड्याकडचा कृष्णराज, वयानं निम्मा पण गप्पिष्ट, डॉक्टरांचा दोस्त. तो म्हणाला, "काय सर, रिटायरमेंटच्या तोंडावर पहिल्या नंबरात यायचा विचार दिसतोय." डॉक्टर नुसते हसले. त्यांना मिनाजबाईंचे ओठ दिसायला हवे होते. पण बाई पडद्याकडं तोंड करून बोलायच्या, मग डॉक्टरांना त्यांच्या वेणीवरून काय कळणार? दुपारी लॅपटॉपवरून निरनिराळ्या काळजांचे आवाज ऐकवले आणि चिठ्ठीवर उत्तरं लिहायला सांगितली. डॉक्टरांनी कृष्णराजच्या चिठ्ठीकडं तिरकी नजर टाकली. दहातली चार बरोबर आली. कृष्णराजची पण नेमकी तीच चार, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला छोटा हत्ती टेम्पोतून चंद्री उतरली. मागून धुरपदाबाई, डोक्यावर पदर, हातात कासरा. साठी उलटलेली, काटक बाई. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली तीस डॉक्टर गोल करून उभे राहिलेले बघून ती जरा बिचकली. "एवढे? माझ्या एका गाईला?" तिनं विचारलं.

डॉक्टर उत्तरेश्वर पुढं झाले आणि खणखणीत आवाजात केस सांगितली. ताप एवढा, श्वास एवढे, निदान न्यूमोनिया. मिनाजबाईंनी सगळ्यांना एकेक करून ऐकायला लावलं. डॉक्टरांनीही नळी लावली, डोळे मिटले, मान दोनदा हलवली. नेहमीसारखीच शांतता. "उजव्या फुफ्फुसात घरघर आहे," त्यांनी ठोकून दिलं. दोघाचौघांनी माना डोलावल्या, कारण सिनियर माणूस बोलतोय म्हटल्यावर कोण कशाला आडवा जाईल?

मिनाजबाई मात्र डावीकडं गेल्या. चंद्रीचं डावं कोपर बाहेर फाकलेलं होतं, पाठ कमानीसारखी वर. त्यांनी पिशवीतून एक वेगळीच नळी काढली, तिची वायर छोट्या स्पीकरला जोडली, नळी कोपराच्या आत छातीला दाबली आणि बटण फिरवलं.

करर्र. करर्र. करर्र.

आवारभर आवाज घुमला. नव्या वहाणा घालून कुणी चाललं की चामडं कसं करकरतं, तसाच, आणि काळजाच्या प्रत्येक ठोक्यासरशी. हा आवाज डॉक्टरांना स्वच्छ ऐकू आला. चार वर्षांत पहिल्यांदा एका काळजाचा आवाज ऐकू आला, तोही असा! 

"हा फुफ्फुसाचा आवाज नाही," मिनाजबाई म्हणाल्या. "काळजाभोवतीचं आवरण सुजून घासतंय. चाऱ्यातून पोटात गेलेली तार पुढं सरकलीय. आवरणात पाणी साठलं की हा आवाज थांबतो, आणि मग आपल्याला फारसं काही करता येत नाही. अजून साठलेलं नाही. आजच्या आज पोट उघडलं तर आशा आहे." मग त्या डॉक्टरांकडं वळल्या. चेहरा अगदी सरळ, टोमणा वगैरे काही नाही. "सर, आठ दिवसांत हा आवाज कधी आला होता?"

तीस जणांच्या नजरा वळल्या. 

"कालपरवाच सुरू झाला असेल की मॅडम," कृष्णराज मदतीला धावला. "आधी नसेल. काय सर?"

वाट आयतीच मोकळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "व्हय. आधी नव्हता." मिनाजबाईंनी केसपेपरवर तसं लिहिलं. मूठ झाकलेलीच राहिली. पण म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं, तशी गत. डॉक्टरांना धुरपदाबाईकडं बघवेना.

"ऑपरेशन कोण करणार?" मिनाजबाईंनी विचारलं. "हात लांब आणि सराव जुना पाहिजे."

"मी करतो," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुणाला बोलूच दिलं नाही.

हातांच्या बाबतीत मात्र माणूस बावनकशी. चंद्रीला उभीच ठेवली, डावी कूस भादरली, बधिर केली, चीर घेतली. कोठीपोट उघडून डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. इथं ऐकायचं काही नव्हतं, बोटांनीच बघायचं होतं. ओला चारा बाजूला सारत बोटं पुढच्या जाळीदार पोटात पोचली. एक खिळा लागला, मोकळा. एक वॉशर. मग अगदी पुढच्या भिंतीत काहीतरी टोचलं. डॉक्टरांनी श्वास रोखला, चिमटीत धरलं, हळूहळू मागं ओढलं. बोटभर तार, गंजलेली, टोक सुईसारखं.

"ही तर स्लॅबची तार!" धुरपदाबाई ओरडली. "शेजारी घरकुलाचं काम चाललंय. तिथनं कडब्यात आली आसंल आन् कुट्टीच्या मशिनीत गेली आसंल. तरी म्या त्या मिस्त्र्याला बजावलं हुतं, मुडद्या, तारा गोळा कर म्हून!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाके घालून होईतो अडीच वाजले. मिनाजबाईंनी परत ऐकलं, म्हणाल्या, "औषधं नीट चालली तर तरेल असं वाटतंय." मंडळी जेवायला हॉलमध्ये गेली. चंद्री लिंबाखाली उभी होती, डोळे जड, आणि थोड्या वेळानं तिनं समोरच्या हिरव्या घासाची एक काडी तोंडात घेतली.

ते बघून धुरपदाबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पदर सावरला आणि डॉक्टरांपुढं दोन्ही हात जोडले. "सायेब, तुमच्यामुळं वाचली. तुमी देवमाणूस हाय."

बास. दुसरं काहीही म्हणाली असती तर डॉक्टरांनी पचवलं असतं. हे पचेना. लाज अशी वर आली की त्यांना तिथंच खाली बसावंसं वाटलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. थोड्या अंतरावर मिनाजबाई केसपेपर पुरा करत होत्या. ऐकतील तर ऐकू देत, असं म्हणून डॉक्टर बोलले.

"धुरपदाबाई, हात जोडू नका. चूक माझी आहे. मला नळीतलं ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. आठ दिवस मी तुमच्या गायीला भलत्याच सुया टोचल्या."

मिनाजबाईंचं पेन थांबलं. धुरपदाबाई टकामका बघत राहिली.

"आजाबात?"

"अजिबात."

"आन् मंग ते डोळे मिटत हुता ते?"

"ते उगं. लोकांना बरं वाटावं म्हणून."

"अगं बया!" तिनं तोंडाला पदर लावला. "मला वाटायचं गोरोबाकाकांचं नाव घेताय! म्या बी मागं हात जोडून हुबी ऱ्हायची की!" आणि ती हसायला लागली, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून. डॉक्टरांनाही हसू फुटलं. मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. उगीच चार वर्षं घाबरलो, असं त्यांना वाटलं.

हसता हसता धुरपदाबाई एकाएकी गप्प झाली. काहीतरी तिच्या मनात जुळलं असावं. ती पुढं आली, अगदी समोर, आणि सावकाश म्हणाली, "मंग म्या सांगितलेलं?"

"काय सांगितलेलं?"

"गाय उताराला लागली की कण्हती. वढ्याकडं उतरताना दर पावलाला कण्हती, चढताना न्हाय. बसताना बी कण्हती. पयल्या दिवशी सांगितलं तुमाला. तिसऱ्या दिवशी परत सांगितलं, तुमी सुई भरत हुता. तुमी म्हणला, व्हय व्हय, बरं बरं."

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी विरलं. उताराला कण्हणारी गाय म्हणजे पोटात तार, हे कॉलेजातलं पोरगंसुद्धा झोपेत सांगेल. त्याला नळी लागत नाही, स्पीकर लागत नाही, ट्रेनिंग लागत नाही. बाईनं पहिल्याच दिवशी रोग सांगितला होता, एकदा सोडून दोनदा, आणि आपण मान हलवली. नळीतलं ऐकू येत नाही याची त्यांनी चार वर्षं लाज धरली होती. माणसांचं ऐकायचं राहून जातंय, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. अशी किती गावं, किती दारं, किती व्हय व्हय! 

"ऐकलं नाही मी ते," ते म्हणाले. "मान हलवली, पण ऐकलं नाही. माझं चुकलं, बाई."

 धुरपदाबाईनं समजूत काढली नाही. कासरा हाताभोवती गुंडाळत तशीच उभी राहिली.

डॉक्टरांनी मिनाजबाईंकडून केसपेपर मागून घेतला. "आवाज आधी नव्हता" ही ओळ खोडली, शेजारी "तपासणाऱ्यास ऐकू येत नाही" असं लिहिलं आणि सही केली. मग पाण्याची बादली पालथी घातली, त्या बादलीवर धुरपदाबाईसमोर बसले, पेन उघडलं आणि तिच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगा. मोठ्यानं."

धुरपदाबाईनं त्यांना नीट न्याहाळलं. आणि मग शेतातल्या गड्याला बांधावरून हाक मारावी तसा आवाज लावला. कण्हणं कवापासून, चारा कवापासून, शेण कसं, दूध कसं, वढा कुठला, उतार किती. हॉलमधले डॉक्टर हातात ताटं घेऊन दारात आले. कृष्णराज घास तोंडात तसाच धरून उभा. डॉक्टर उत्तरेश्वर खाली मान घालून लिहीत होते, मध्येच वर बघत होते, परत लिहीत होते.

"कळलं का?" धुरपदाबाई शेवटी ओरडली.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "शेवटचं तेवढं परत सांगा."