हिरव्या रेघा

"सही करा आणि मोकळे व्हा," साहेब म्हणाले.

कागदावर लिहिलं होतं: पुराचा अंदाज उशिरा निघतो, कारण ऑपरेटर पाळीत नुसता बसून असतो. मी, बसून! एकवीस वर्षं त्या गारठलेल्या संगणकखोलीत स्वेटर घालून पाळ्या केल्या, आणि निवृत्तीला तीन महिने उरले असताना हा शेरा.

मी म्हटलं, आधी माझी वही तरी बघा. साहेबांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. सहाशे यंत्रं, सहाशे हिरव्या रेघा, म्हणजे सगळी कामात. मग दोष कुणाचा, तर माझा.

वहीत मी महिनाभर हाताने वेळा टिपल्या होत्या. कुठलं काम कधी सुरू झालं, त्यातून पहिला आकडा कधी बाहेर पडला. पावसापासून नदीच्या पातळीपर्यंत सहा कामांची साखळी, आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीला चाळीसेक मिनिटं नुसती शांतता. कारण सहाशेच्या सहाशे यंत्रं एकाच छोट्या फाईलवर तुटून पडायची. एकाचं वाचून होईपर्यंत बाकीची ताटकळत उभी. पडद्याच्या हिशेबी तेही कामच!

अंदाजाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंनी वही मागून घेतली. दोन पानं उलटली आणि चाळीस मिनिटांच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"काका, चूक माझी आहे."

त्यांनी फाईलची एकेक प्रत प्रत्येक यंत्राला आधीच देऊन टाकली. ज्या अंदाजाला सहा तास लागायचे तो सव्वादोन तासांत निघाला. नदीकाठच्या माणसांना घर सोडायला पावणेचार तास जास्त मिळाले. साहेबांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि तोच कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. म्हणे मजकूर वर गेलाय, आता बदलता येत नाही, काम झालं ना, मग कशाला ताणताय.

तळपायाची आग मस्तकात गेली. थांबलेलं यंत्र कामात धरलं, आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघणारा मी रिकामटेकडा!

"साहेब, सही होणार नाही."

"निवृत्तीचे कागद अडकतील."

"अडकू द्या."

घरी बायकोला भीतभीतच सांगितलं. ती म्हणाली, जन्मभर सांगतील तिथे सह्या केल्यात, एक नाही केली तर आभाळ कोसळत नाही.

कागद अडकले ते अडकलेच. शेवटच्या दिवशी बाई खोलीत आल्या. नव्या ऑपरेटरांना शिकवायला वही हवी होती. पहिल्या पानावर तुमचं नाव घाला, म्हणाल्या.

तिथे मी सही केली, खाली तारीख घातली, आणि स्वेटर काढून पिशवीत ठेवला.