आठ फुग्यांची चासी

खोटं बोलत असेन तर जीभ झडेल माझी, आणि कवळी तर आधी पडेल! ह्या गोष्टीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. त्या हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात वारा असा सुटला होता की एका म्हाताऱ्याची टोपी उडून कॅलिफोर्नियात गेली आणि आठवड्यानं परत आली, वर संत्र्याचं पान खोचून. तेही खरं.

तर त्या वाळवंटात हिवाळाभर घरगाड्या लावून बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांत अर्डिस आणि वेंडेल हे जोडपं होतं. गाडी त्यांची ‘रॉयल हेरन’, दोन हजार दोन सालची. चाळीस फूट लांब. आत संगमरवरी फरशी, चेरीच्या लाकडाची कपाटं, न्हाणीघरात सोनेरी नळ. पण वेंडेलच्या लेखी हे सगळं म्हणजे वरचं टोपडं. त्याचा जीव खाली, चासीत, म्हणजे सगळं ओझं पेलणाऱ्या सांगाड्यात.

“घर काय, कुणीही बांधेल,” तो म्हणायचा. “कशावर बांधलंय ते बघा.”

मैलभरावरून गाडी नुसती खोकली तरी हा चासी सांगायचा. सासऱ्याच्या मयतीला पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते, तेव्हा हा पठ्ठ्या शववाहिकेखाली डोकं घालून बसलेला. अर्डिसला मागणी घातली तीही अशीच. “तुझी बांधणी दणकट आहे. लांबच्या प्रवासाला टिकशील.” ती तेव्हा पोट धरून हसली होती. बावन्न वर्षं झाली त्याला. टिकली होती बिचारी.

एप्रिल लागला, ऊन चावायला लागलं, आणि टूसॉनहून मार्वाचा फोन आला. मार्वा म्हणजे अर्डिसची धाकटी बहीण. नवरा नाही, मूल नाही. डॉक्टरांनी हात टेकले की माणसाला जिथे नुसती सोबत देतात, तशा एका घरात तिला नेऊन ठेवलं होतं.

“अर्डी, दिवस कलला की मला भीती वाटते गं,” मार्वा म्हणाली. “हाक मारली की येशील, इतकी जवळ येऊन राहा.”

इतकं जवळ म्हणजे एकच जागा होती. त्या घराच्या भिंतीला भिंत लावून घरगाड्यांचा एक तळ होता, झाडंबिडं लावलेला, झकपक. बाकीचे सगळे तळ चाळीस मैल लांब. येण्याजाण्याची त्यांची छोटी मोटार डिसेंबरातच मेली होती आणि अर्डिसच्या डोळ्यांना गाडी चालवायची बंदी. आणि झकपक तळाचा नियम असा की दहा वर्षांहून जुनी गाडी फाटकातून आत घ्यायची नाही. ते साल होतं दोन हजार एकोणीस.

शेजारचा ड्युएन कॉफीचा मग घेऊन आला. जन्मभर टायरं बदलून पाठीचा कणा वाकलेला माणूस, गाडी त्याची ‘मॅग्नोलिया’.

“अगं, सोप्पंय,” तो म्हणाला. “हेरनचा चेहरा दोन हजार दहापर्यंत बदललाच नाही. तेच दिवे, तेच नाक. दहा सालची आहे म्हणून सांगायचं. बदलली ती फक्त चासी, आणि चासी बघायला खाली कोण झोपतंय?”

“मी,” वेंडेल म्हणाला.

“तुझ्याशिवाय, गाढवा!”

“अरे, पण ती दहा सालची चासी म्हणजे चासी आहे का? आधी धक्के झेलायला खाली आठ फुगे होते हवेचे, त्याचे चार केले कंपनीनं. पोलाद पातळ केलं. तरीपण तुझ्या मॅग्नोलियापेक्षा बरी म्हणायची.”

“मॅग्नोलियाचं नाव काढू नकोस! तिचा रेडिएटर बाजूला आहे. तुझा मागे, सगळ्या रस्त्याची धूळ खातो.”

“बाजूला रेडिएटर! म्हणजे कानाच्या जागी नाक!”

झालं. दोन तास हेच चाललं. अर्डिस हातात फोन धरून मधे उभी. कुणाचं लक्ष नाही.

“अरे, माझी बहीण मरतेय तिकडे,” ती शेवटी म्हणाली, “आणि तुम्ही रेडिएटर कुठे असावा ते ठरवताय!”

दोघं खाली मान घालून बसले. मग ड्युएन हळूच पुटपुटला, “पण मागे नसावाच.”

मग अर्डिसनंच त्या तळावर फोन करून सांगितलं, आमची गाडी दहा सालची. आयुष्यात पहिल्यांदा इतकं सरळ तोंडानं खोटं बोलली. तीन दिवस दोघांनी गाडी घासली. इतकी लखलखली की डोमकावळे येऊन तिच्यात बघून पिसं सारखी करायला लागले.

निघताना तिनं नवऱ्याला समोर बसवलं. “फाटकाशी तू फक्त तीन शब्द बोलायचे. हो, नाही, थँक यू. चौथा शब्द काढलास तर बघ.”

“आणि काही विचारलं तर?”

“ह्या तिनांत बसव.”

फाटकाशी शेल्बी नावाची बाई होती, चाळिशीची, हसरी. भिंतीपलीकडे मार्वाचं घर, त्याची दुसरी खिडकी पिवळ्या पडद्याची. मार्वानं फोनवर सांगितलेला पडदा तो हाच. अर्डिसला हात लांबवला तर धरता येईल असं वाटलं.

“काय देखणी ठेवलीय हो!” शेल्बी म्हणाली. “दहा सालची ना? माझ्या वडिलांकडे अगदी हीच होती.”

“हो,” वेंडेल म्हणाला. अर्डिसचा जीव भांड्यात पडला.

“पण चासी रद्दी होती बघा. वाऱ्यात नुसती डोलायची, पाण्यातल्या म्हशीसारखी. तुमचीही डोलते का?”

“नाही.”

“नाही? मग नशीबवान आहात. वळणावर तर अंगात आल्यासारखी घुमायची.”

अर्डिसनं त्याचा गुडघा दाबला. वेंडेलचं कपाळ लाल, कान जांभळे.

“थँक यू,” तो दातांतून म्हणाला.

शेल्बीचा हात बटणावर गेला. फाटकाचा दांडा वीतभर उचललासुद्धा. आणि बाई मायेनं म्हणाली, “चार फुग्यांवर एवढं धूड! फसवलंच हो त्यांनी लोकांना. तुम्हालाही फसवलं, सर.”

अर्डिसला दिसत होतं काय होणार ते. डोंगरावरून दगड सुटलेला दिसावा आणि आपले पाय रुतलेले असावेत, तसं.

“मला?” वेंडेल उठला. “मला फसवलं?” दार उघडून खाली उतरला, बहात्तर वर्षांचा माणूस तापल्या डांबरावर पाठीवर झोपला आणि सरकत सरकत गाडीखाली गेला. बाहेर नुसते बूट. “ये इकडे! मोज! आठ! आहेत का चार? हे पोलाद बघ, बोटभर जाड! ही जुनी चासी आहे, बाई. असली परत कुणी बनवली नाही. आणि हा कंपनीचा पत्रा, साल वाच ना, दोन हजार दो—”

बूट हलायचे थांबले.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. शेल्बीचा हात बटणावरून खाली आला, आणि दांडाही.

“सर, मला हे ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “मागे ऑफिसच्या खिडकीत मालक बसलेत. त्यांनाही आलं.”

“पोरी, माझी बहीण आहे तिथे. तो पिवळा पडदा,” अर्डिस म्हणाली. “थोडेच दिवस आहेत तिचे.”

शेल्बीचे डोळे भरले. “मॅम, मी काय करू? बटण माझ्याकडे आहे, नियम त्यांच्याकडे.”

अर्डिस खाली उतरली, गुडघे धरून बुटांशी वाकली.

“वेंडेल, बाहेर ये.”

“नाही.”

“अरे, भाजशील खाली.”

“अर्डी,” खालून आवाज आला, “मी काय केलं गं?”

तिला रागही येईना, रडूही येईना. तिनं नुसता त्याचा घोटा धरून ठेवला.

तेवढ्यात मालक बाहेर आले, गाडीखाली वाकून बघितलं, म्हणाले, “चासी खरंच चांगली आहे.” सूर्य मावळेपर्यंत कचऱ्याच्या डब्यांमागे उभी करू दिली त्यांनी, आणि ती दुपार अर्डिसनं बहिणीचा हात हातात घेऊन काढली.

बरं, माझ्याकडे असं बघू नका. एवढं एकच मी पदरचं घातलं. मालक बाहेर आलेच नाहीत. मागच्या तीन गाड्या हटवून हेरन उलटी काढायला पाऊण तास लागला, आणि मग दुसऱ्या तळापर्यंत चाळीस मैलांचा रस्ता. वाटेत मार्वाचा फोन आला, “अर्डी, पोचलात का गं?” अर्डिस म्हणाली, “हे काय, फाटकाशीच आहोत,” आणि वेंडेल समोर बघत गाडी चालवत राहिला.